दुपारचं पाणी

४ एप्रिल

निशिगंधा,

आशीर्वाद देते. तू घे, नाहीतर बाजूला ठेव. फोन करणार होते, पण मागच्या तिन्ही वेळा तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणालीस, आणि मीटिंग संपेपर्यंत कानाला फोन लावून बसायला मला वेळ नाही. कागदाचं तसं नसतं. तू पाकीट फोडलं नाहीस तरी ते टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहील.

काल ग्रामपंचायतीत गेले होते. अनिल सरपंचाने फळ्यावर एक कागद लावलाय. आपल्या खालच्या वाडीच्या विहिरीच्या पाण्याचा तपासणी अहवाल. "पिण्यास योग्य. सिंचनास योग्य." खाली मिरजोळ्याच्या तुझ्या प्रयोगशाळेचा शिक्का आणि सही तुझी. 'नि'ची वेलांटी तू अजून तशीच काढतेस, छत्रीच्या मुठीसारखी. त्यामुळे ही दुसऱ्या कुणाची सही असेल असं मनाला समजवायचीही सोय राहिली नाही.

कागद हॉटेलवाल्यांनी आणून दिलाय. किनाऱ्यालगत चार वर्षांपूर्वी झालं ना, त्यांनी. त्यांची एक बोअरवेल चालू आहेच, सकाळी आठला पंप सुरू होतो तो रात्री बंद. आता आणखी दोन मारायच्या आहेत, पोहायच्या तलावासाठी. एक मेच्या ग्रामसभेत ना-हरकतीचा ठराव घेणार. लोक कुरकुरत होते की बोअरने आपली विहीर खारावतेय, तर त्यांच्या तोंडावर हा कागद मारला. बघा, शहरातून तपासून आणलंय, तुमच्या विहिरीला काही झालेलं नाही.

निशी, झालंय. आगरातल्या पोफळींची पानं टोकाकडून करपलीत, कुणी विस्तव दाखवल्यासारखी. माडांची बोंडं अंगठ्याएवढी असतानाच गळतात. दुपारी काढलेल्या पाण्यात तूरडाळ दोन तास रटरटली तरी दाणा दाणा वेगळा. साबणाला फेस नाही, नुसता अंगाला चिकटून बसतो. आणखी दोन बोअर झाल्या तर पुढच्या उन्हाळ्यात वाडीतल्या एकवीस घरांनी चूळ भरायलाही समुद्रावर जायचं.

तू सही मागे घे. सांग की चूक झाली. बाकी माझं तुझ्याकडे काही काम नाही.

सावित्री (आई लिहिणार होते, पण तू कागदावर "निशिगंधा स. भाटकर, रसायनतज्ज्ञ" लिहितेस, म्हणून मीही नावानेच.)


१३ एप्रिल

निशिगंधा,

तुझं उत्तर आलं. तीन ओळी. एवढ्यासाठी पाकीट, तिकीट आणि पोस्टमनचा चढ. तू लिहितेस, "आकडे बरोबर आहेत. जो नमुना आमच्याकडे येतो तो आम्ही तपासतो. तो कुणी, कधी आणि कशातून भरला, ते वाडीत विचार."

मला शिकवतेस होय? मी चौथी पास आहे हे खरं. पण गेल्या तीन वर्षांत इथे काय झालंय ते तुला ठाऊक नाही. गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं शिक्षण द्यायचं होतं, त्यात माझं नाव घातलं. दोन दिवस गुहागरला जाऊन बसले. निळी पेटी मिळाली, आत बाटल्या, नळ्या, रंगांचा तक्ता. बाकीच्या चौघींनी पेट्या माळ्यावर टाकल्या. मी रोज उघडते. पुस्तिका इंग्रजी-मराठी दोन्हीत होती, मराठी पाठ केली आणि मग इंग्रजीतली बाजू बोट ठेवून ठेवून लावली. क्लोराइड म्हणजे मीठ, हार्डनेस म्हणजे डाळ न शिजणं. आता खोकल्याच्या औषधावरचंही वाचते आणि मोहल्ल्यातल्या सुरय्याला सांगते की बाई, यात तुझ्या खोकल्यासाठी काहीएक नाही, साखर आहे.

सुरय्या म्हणते, "सावित्रीबाय, तू डाक्टर झालीस, आता फी लाव." तिच्या नवऱ्याची, युसुफची, बत्तीस वर्षं मस्कतमध्ये गेली, तो म्हणतो तिथे समुद्राचं पाणी गोड करून पितात. म्हटलं, मग आपल्याला इथे गोडं पाणी खारट करून प्यायची काय हौस आली?

तर तुझ्या प्रश्नाचं. नमुना न्यायला हॉटेलवाल्यांच्या सल्लागार कंपनीचे सुजय म्हणून एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, बोलायला गोड. शिमग्याच्या नंतरच्या आठवड्यात. नमुना वाडीतच भरला, सर्वांसमक्ष. कुणी भरला आणि कशातून, त्याला आता काही अर्थ नाही. पाणी विहिरीचंच होतं.

आणि एक. तीन वर्षांपूर्वीचं काढायचं नाही असं ठरवून बसले होते, पण तुझी सही बघितल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. गौरीच्या जेवणाला तुझ्या सासरची माणसं पानावर बसलेली. तू तांब्या खाली ठेवलास आणि म्हणालीस, "आई, पाणी मचूळ लागतंय. तपासून घे." सगळ्यांसमोर. तुझ्या सासूबाईंनी हळूच भांडं बाजूला सारलं, ते मी बघितलं. मी म्हटलं, माहेरच्या पाण्याला नावं ठेवणारीने माहेरी येऊ नये. तू उठलीस, हात धुतलास आणि गेलीस.

तेव्हा तुला मचूळ लागलं आणि आज तुझ्याच सहीने ते गोड झालं. याला काय म्हणायचं ते तू सांग.

सावित्री


२२ एप्रिल

निशिगंधा,

परवाचं तू कुणाला सांगितलं नसशील. मी सगळ्या वाडीला सांगितलंय.

तीन बाटल्या भरल्या. पहाटेची, दुपारी एकची, संध्याकाळी पाचची. रात्रभर सुरय्याच्या फ्रिजमध्ये ठेवल्या, सकाळी मासळीच्या थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून निघाले. तवसाळला फेरीबोटीत बसले तर एक बाई नाक उडवून विचारते, "काय सुरमई का?" म्हटलं, नाही, विहीर आहे. तिने जागा बदलली.

जयगडहून रत्नागिरी, तिथून रिक्षाने मिरजोळे. तुझी प्रयोगशाळा चांगली आहे हो. थंडगार. तू काचेपलीकडे पांढऱ्या कोटात, केस बांधलेले. तीन वर्षांनी बघितलं तुला. बारीक झालीस. मी डबा पुढे सरकवला आणि तू काय म्हणालीस? "हे नमुने आम्हाला घेता येणार नाहीत. संबंधित व्यक्तीने आणलेले आहेत." संबंधित व्यक्ती. बावीस तास कळा सोसून तुला आणली त्या बाईला.

मी तिथे बोलायचं ते बोलले. तुझ्या साहेबांनी दार उघडून बघितलं एवढा आवाज झाला. तू मान खाली घालून ऐकून घेतलंस आणि शेवटी एवढंच विचारलंस, "आई, त्या दिवशीचा नमुना दोरी सोडून विहिरीतून काढला होता का?"

मी डबा उचलला आणि निघाले. बोटीत बर्फाचं पाणी होऊन पायावर गळत होतं. पलीकडच्या काठाला लागेपर्यंत मी तुझ्याशी भांडत होते, मनातल्या मनात. मग भांडायला काही उरलं नाही.

नव्हता काढला.

आता नीट लिहिते, मध्ये उठून जाणार नाही. पहाटेच्या पहिल्या कळशीचं तुला ठाऊक आहे. ती देवाची, आणि पाहुणा येणार असेल तर पाहुण्याची. विहिरीत कुणी दोर टाकायच्या आत, पाणी न ढवळता, वरच्यावर अलगद भरायची. माझ्या सासूने मला तशी शिकवली, मी तुला शिकवली. सुजय साहेब येणार हे आदल्या दिवशी कळलेलं. मी पहाटे जाऊन पहिली कळशी भरून ओट्यावर झाकून ठेवली. नऊ वाजता ते आले, चढ चढून घामाघूम. मी घावणे केले होते. ते म्हणाले, "विहिरीवर जाऊन येतो आधी." मी म्हटलं, एवढ्या लांबून आलात, बसा. कुठे उन्हात दोर ओढता, हे विहिरीतलंच, आत्ताचं काढलेलं. ते कळशीकडे बघून हसले आणि बसले. त्यांच्या दोन्ही बाटल्या मीच भरून दिल्या, झाकणं घट्ट लावून. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, विहिरीतून थेट. चार घावणे खाऊन गेले.

त्यांनी लबाडी केली का? केली असेल. त्यांना माहीत असणार की काय चाललंय. पण कळशी माझी होती. मुलीला बघायला माणसं येणार म्हटलं की तिचे केस विंचरून पावडर लावतो, तसं मी विहिरीचं केलं. आमच्या विहिरीला कुणी नाव ठेवू नये. पुन्हा कुणी भांडं बाजूला सारू नये.

आणि याहून वाईट ते पुढे आहे. गुहागरच्या बाईंनी शिकवलं होतं की दोन-चार बादल्या काढून टाका, मग खोलातलं पाणी भरा, आणि वेगवेगळ्या वेळी तपासा. मी काय केलं? तीन वर्षं घरातल्या हंड्यातलं तपासलं. पहाटेचं. वहीत पानोपान "योग्य, योग्य". मी वाडीत कुणाला खोटं सांगितलं नाही, फक्त दुपारी पेटी उघडली नाही.

काल उघडली. क्लोराइडला एकेक थेंब टाकायचा, पिवळं पाणी विटकरी होईपर्यंत मोजायचं. पहाटेचं सहा थेंबांत विटकरी झालं. दुपारचं होईचना. चाळीस झाले, पन्नास झाले, बाटली संपत आली. सुरय्या शेजारी बसून मोजत होती. साठाच्या पुढे तिने मोजणं सोडलं.

रात्रभर पंप बंद असतो. तेवढ्यात वरच्या कातळातून झिरपलेलं गोडं पाणी वर येऊन बसतं, दुधावर साय बसते तसं. पंप सुरू झाला की समुद्र आत येतो. आम्ही बायका काय करत होतो? दरवर्षी थोडं लवकर उठत होतो. आधी सहाला, मग साडेपाचला, आता पाचला. कुणी कुणाला विचारलं नाही की का.

तू गौरीच्या जेवणाला बरोबर बोललीस. दुपारचे दोन वाजले होते पानं मांडली तेव्हा.

आई


२ मे

निशी,

काल ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात मांडव, हॉटेलचे मॅनेजर इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या खुर्चीत. अनिलने तुझा अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

मी उठले. अनिल म्हणाला, "काकू, सही तुमच्या मुलीचीच आहे."

"सही खरी आहे," मी म्हटलं. "कागदही खरा. पाणी मी दिलं ते फसवं होतं." आणि तुला लिहिलं तेच सगळं सांगितलं. कळशी, घावणे, हंडा, वही.

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे काकूंनी विहिरीला कॉपी पुरवली."

"पुरवली. म्हणून तर आता फेरपरीक्षा मागते."

लोक हसले. मॅनेजर नाही हसला. तो उठून म्हणाला की आजींचं वय झालंय, आठवणीत गोंधळ होतो, शासनमान्य अहवाल समोर असताना अशा गोष्टींवर वेळ घालवायचा का. मी पेटी नेली होती. त्याच्याच समोर टेबलावर ठेवली आणि म्हटलं, साहेब, माझी आठवण राहू दे, दुपारचे साडेबारा झालेत. तुमचा माणूस पाठवा, त्याच्या हाताने पाणी आणा आणि तुम्ही स्वतः थेंब मोजा. गोंधळ माझ्या डोक्यात आहे की विहिरीत ते इथेच कळेल.

तो म्हणाला, असल्या खेळण्यांवर ग्रामसभा चालत नाही.

पण खरा विरोध त्याचा नव्हता गो. आपल्याच वाडीतली सोनूबाई उभी राहिली. म्हणाली, "सावित्री, विहीर नापास झाली तर पंचायत ती पिण्याला बंद करणार. मग आम्ही काय प्यायचं, तुझी वही? माझ्या पोरीला, संस्कृतीला, बघायला माणसं यायचीत. विहीर बंद पडलेल्या वाडीत कोण देईल-घेईल?"

तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. तीन वर्षांपूर्वी मी तेच म्हणाले होते, वेगळ्या शब्दांत. मी तिला एवढंच म्हटलं, "सोनू, झाकून ठेवली तरी ती जायचीच आहे. उघड्यावर गेली तर निदान कुणी नेली ते दिसेल."

सुरय्या उठली. "आमच्या मोहल्ल्याची विहीरपण घ्या. तीपण दुपारी रडते." तिच्यामागे मोहल्ल्यातल्या नऊ-दहा बायका उठल्या, मग आपल्या वाडीतल्या. सोनूबाई बसून राहिली, तिने हात वर केला नाही, पण खालीही बघितलं नाही.

ठराव झाला तो असा. बोअरचा निर्णय पुढे ढकलला. दोन्ही विहिरींचे नमुने दिवसातून तीनदा, सर्वांसमक्ष, दोर सोडून, आणि नमुना प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः घ्यायचा. कुठली प्रयोगशाळा, यावर अनिल म्हणाला, "ज्यांनी पहिला दिला त्यांच्याकडूनच दुसरा. म्हणजे कुणाला बोलायला जागा नको."

पत्र पंचायतीकडून येईल. तू स्वतः यायचं की दुसऱ्याला पाठवायचं, ते तुझं तू बघ. मी सांगणार नाही.

आई


२० मे

निशी,

नमुने घ्यायला आलीस त्या दिवशी तुझ्याशी बोलता आलं नाही म्हणून हे.

तू जीपमधून उतरलीस तेव्हा वाटलं, घरात येशील, निदान चपला काढशील. तू सरळ विहिरीवर गेलीस. दोर हातात घेतलास. वीस बादल्या उपसून टाकल्यास, बायका मोजत होत्या. मी बाटली धरायला पुढे झाले तर तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "बाई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा. नमुन्याजवळ नको." सुरय्याला हसू आवरेना. सोनूबाई म्हणाली, "पोरीने चांगली जागा दाखवली." मी मागे उभी राहिले. सहाला, एकला आणि पाचला, तिन्ही वेळा.

जेवायला ये म्हटलं, तर तू म्हणालीस, कामावर असताना इथलं काही घेणार नाही. जीपच्या सावलीत बसून डबा खाल्लास, बाटलीतलं पाणी प्यायलीस. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या सुजय साहेबांनी असा स्वतःचा डबा आणला असता तर ही वेळ आली नसती. बरोबर केलंस तू.

गेल्या आठवड्यात ग्रामसभेत अहवाल वाचला गेला. पहाटेचे क्षार लिटरमागे चारशे दहा मिलिग्रॅम, दुपारचे दोन हजार तीनशे चाळीस. क्लोराइड एकशे दहा, दुपारी अकराशे ऐंशी. "पिण्यास अयोग्य. सिंचनास अयोग्य." आणि खाली तीच वेलांटी. मोहल्ल्याची विहीर थोडी बरी आहे, दुपारीही काठावर पास.

नव्या बोअरना ना-हरकत नाकारली. एकमताने, सोनूबाईसुद्धा. पण विजय झाला म्हणून पेढे वाटलेत असं समजू नकोस. जुनी बोअर चालूच आहे. तिचा कागद तहसीलदारांकडे गेलाय, तिथे तो किती दिवस बसेल कोण जाणे. आणि आपली विहीर पिण्याला बंद झाली. एक दिवसाआड टँकर येतो, त्याच्या पाण्याला रबराचा वास. काल रांगेत सोनूबाई माझ्याशी बोलली नाही. तिचा हंडा भरला, मी उचलून दिला, तिने घेतला. एवढंच. ती उद्या बोलेल नाहीतर परवा. नाही बोलली तरी मी जे केलं ते परत करीन.

नापास विहिरीवर लाल रंगात लिहायचं असतं. पंचायतीचा माणूस डबा घेऊन आला, पण ब्रश न बुडवताच म्हणाला, काकू, माझ्या आजोबांनी हिचा जांभा दगड बसवलाय. मी ब्रश घेतला. पाखाडीच्या पायऱ्यांच्या बाजूला, जिथे आपणच बघणार, तिथे छोटं लिही म्हणत होता. मी किनाऱ्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर लिहिलं, हातभर अक्षरात. "पिण्यास अयोग्य. दुपारी समुद्र आत येतो." खाली तारीख घातली आणि माझं नाव.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर आला. सरळ मुद्द्यावर.

"आजी, हे पुसून टाका. पाहुणे विचारतात."

"काय विचारतात?"

"की पाणी कुठे गेलं."

"मग सांगा ना."

तो म्हणाला, वाडीला पाण्याची टाकी बांधून देतो, शिवाय पाटीच्या जागी छान चित्र काढून देतो, कोळीण वगैरे. मी म्हटलं, कोळीण राहू दे, तुमचा पंप दिवसाचा बंद ठेवा, मी स्वतः चुना लावून पुसते. तो म्हणाला मालकांशी बोलतो. म्हटलं, मालकांनाच घेऊन या, त्यांनाही वाचता येत असेल.

तेव्हापासून मी तिथेच असते. युसुफने खुर्ची आणून दिलीय. पेटी मांडीवर, दोर शेजारी. पाहुणे फिरत येतात, वाचतात, थांबतात. मी बादली काढते, त्यांच्याच हाताने थेंब टाकायला लावते. काल पुण्याची एक बाई मोजता मोजता घामाघूम झाली आणि तिने नवऱ्याला सांगितलं की आपण हॉटेल सोडतोय. मॅनेजर लांबून बघत होता. मी त्याला हात केला.

दुपारी तीन ते सहा मी तिथे असते, रविवारीसुद्धा. तुला कामाशिवाय यायचं असेल तर वेळ सांगून ठेवली.

आई